मी, ‘चुकलं तरी खाऊ’

मी ‘चुकलं तरी खाऊ’ बोलतोय. हे माझंच नाव. मी स्वयंपाकाचं पुस्तक आहे, पण जरा वाह्यात. माझी लेखिका साताऱ्याची. तिनं माझ्यात आधी स्वतःच्या फजित्या लिहिल्या आणि मग कृती. ‘पिठाला घाबरू नका, तेही तुम्हाला पहिल्यांदाच भेटतंय,’ असली वाक्यं माझ्यात पानोपानी आहेत. कुणाच्या घरी गेलो की ओट्यावर उघडा पडून राहायचं, पीठ-तेल अंगावर घ्यायचं, एवढीच माझी हौस.

आलो मात्र सांगलीच्या एका पुस्तकांच्या दुकानात, आणि तिथंच अडकलो. लोक मला उचलायचे, उभ्या उभ्या दोन पानं वाचून हसायचे, परत फळीवर ठेवायचे आणि शेजारचा जाडजूड ग्रंथ घरी न्यायचे. दुपारभर रस्त्यावरून गाड्या जायच्या, फळी हलायची, मीही हलायचो. वाटायचं, आता कुणीतरी घेऊन जाईल. कुणी नेत नव्हतं.

दुकान ज्ञानदाचं. तिची एक पद्धत होती. गिऱ्हाईकाला काय शिकायचंय हे ती विचारायचीच नाही. घरात कोण जेवतं, कसं जेवतं, हे विचारायची. शाळकरी पोरांच्या आईला डब्यांचं पुस्तक, एकट्या राहणाऱ्याला एका भांड्यात होणाऱ्या जेवणाचं, दुष्काळी भागातल्या जुन्या पदार्थांची ओढ असणाऱ्याला तसलं. मला मात्र तिनं कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

एके दिवशी भर उन्हात नानासो दुकानात शिरले. आटपाडीकडचे निवृत्त हवालदार. पाठ ताठ, पण पाय काही एका जागी ठरत नव्हते. बोलता बोलता ते दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. त्यांची बायको राहीबाई, तिच्या छातीच्या गाठीवर सांगलीत औषधं चालू होती. दवाखान्याजवळ दोघांनी खोली घेतली होती. मुलगा लष्करात लांब, सून बाळंतपणाला माहेरी. राहीबाईच्या पोटात अन्न जाईना. वजन असंच उतरत राहिलं तर पुढची औषधं थांबवावी लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खानावळीचा डबा ती झाकण उघडून बंद करायची. नानासोंनी मोबाईलवर बघून भात करून पाहिला होता, पण त्यातली बाई लय घाईत असती, म्हणाले.

ज्ञानदानं विचारलं, आजारी पडण्याआधी त्या कशावर हसायच्या?

नानासो पहिल्यांदाच थांबले. “माझ्यावरच,” ते म्हणाले.

तिनं सरळ मला काढलं. म्हणाली, “हे आधी त्यांना वाचून दाखवा. रांधायचं मागनं बघा.”

असा मी सुटलो.

खोलीत एक पलंग, खिडकीला लागून ओटा, त्यावर एक शेगडी. राहीबाई भिंतीकडं तोंड करून निजलेली. डोक्याला रुमाल. नानासो खुर्ची ओढून बसले आणि मला वाचू लागले. त्यांचं वाचन म्हणजे पलटणीला हुकूम देणं. माझे सगळे विनोद त्यांनी असे खणखणीत वाचले, की माझा मलाच घाम फुटला. राहीबाई हलली नाही. दोन-तीन पानं झाल्यावर मात्र तिनं आमच्याकडं कूस बदलली.

मग त्यांनी मला ओट्यावर उघडं ठेवलं आणि थालीपीठ करायला घेतलं. मधे भोक पाडावं, असं माझ्यात लिहिलंय. केवढं, ते लेखिकेनं लिहायचं राहून गेलं. नानासोंनी मधलं जवळजवळ सगळंच पीठ काढून टाकलं. ताटलीत कडेचं कडं तेवढं आलं.

राहीबाईनं ते बोटानं फिरवून पाहिलं. “हे थालीपीठ हाय का बांगडी?”

तिनं एक तुकडा मोडला, चघळला, गिळला. नानासो दारापर्यंत जाऊन परत आले. मला वाटलं, जिंकलं.

कसलं काय! दुसऱ्या दिवशी तिला काहीच चालेना. तोंडात फोड आलेले, घास लोखंडासारखा लागायचा. नानासोंनी आमटी केली, नको. खीर केली, नको. उपमा तर वासानंच परतवला. ते एक पान उलटायचे, तिच्याकडं बघायचे, दुसरं उलटायचे. त्यांच्या बोटांची धडपड माझ्या कागदाला कळत होती. शेवटी पेज पुढं नेली आणि तिनं वाटी हातानं बाजूला सारली. पेज चादरीवर सांडली.

“खायचंच न्हाई व्हय तुला? मग आमी हितं कशाला बसलोय?” नानासो बोलले, आणि त्यांनी मला भिरकावलं.

मी भिंतीवर आपटून खाली आलो. पाठीची शिवण उसवली. ते तसेच चपला घालून बाहेर गेले. खिडकीतून त्यांच्या येरझाऱ्या दिसत होत्या, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

राहीबाई बराच वेळ पडून होती. मग सावकाश उठली, भिंतीला धरून माझ्यापाशी आली, मला उचलून मांडीवर घेतलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचायची. कुठं कुठं तिचे ओठ हलायचे. ‘गार जेवण’ हे प्रकरण तिनं पुन्हा पुन्हा वाचलं.

नानासो आत आले ते खाली मान घालूनच. ती म्हणाली, “आवं, उद्या कण्या करा. ताकातल्या, गार. मी वाचती, तुमी करा.”

ज्वारी भरडून शिजवलेल्या कण्या नानासोंनी गावाकडं जन्मभर खाल्लेल्या, पण शिजताना कधी पाहिल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशीला टेकून बसली, मी तिच्या हातात. ती सांगायची, ते करायचे. पाणी उकळलं. कण्या टाकल्या. ढवळलं.

“आता मीठ,” ती म्हणाली. “चार मोठे चमचे.”

माझ्यात अर्धा लहान चमचा लिहिला होता! मी तिच्या हातात नुसता तडफडलो. नानासोंनी हुकूम झाल्यासारखे चार चमचे मोजून टाकले. ताक घातलं, गार केलं, आणि आधी स्वतः एक घास घेतला.

त्यांचं तोंड वाकडं झालं. ते धावत बेसिनकडं गेले. परत वळून बघतात तर राहीबाई मला तोंडापुढं धरून गदागदा हलत होती. हसताना तिचा रुमाल सुटून खांद्यावर आला, तिनं तो सावरलाही नाही.

“किती लिवलंय खरं?” त्यांनी विचारलं.

“अर्धा. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.”

ते रागावतील असं मला वाटलं. त्यांनी पातेलं रिकामं केलं, घासलं आणि पुन्हा पाणी ठेवलं. या दुसऱ्या खेपेला ती वाटीभर कण्या जेवली. मधे मधे हसायला यायचं म्हणून थांबायची, मग पुन्हा खायची.

त्यानंतर रोज दोघांची अशी जुंपायची. ती मुद्दाम चुकीचं वाचायची, ते आता दर ओळ तपासायला यायचे, आणि त्या ओढाताणीत माझ्या पानांना ताक, हळद, गूळ सगळं लागलं. काही दिवस ती जेवायची, काही दिवस नाही. नाही त्या दिवशी नानासो पुन्हा दारापर्यंत फेऱ्या घालायचे, पण वाटी पुढं रेटायचे नाहीत. वजनाचा काटा उतरायचा थांबला. पुढची औषधं वेळेवर झाली.

शेवटच्या औषधाच्या दिवशी वॉर्डात शेजारच्या पलंगाजवळ साक्षी नावाची मुलगी बसली होती. पलंगावर तिचे वडील; तिनं आणलेला डबा त्यांनी तसाच परत केला होता. राहीबाईनं नानासोंच्या पिशवीतून मला बाहेर काढलं.

“हे तिला देऊ या,” ती म्हणाली.

नानासोंनी मला दोन्ही हातांनी धरलं. “हे न्हाई. दुसरं कायबी दे.”

“तुमाला आता येतंय की.”

“आन् गावाला गेल्यावर परत तुला खाववलं न्हाई तर?”

राहीबाईनं रिकाम्या पिशवीची घडी घातली.

“तर नवं आणा,” ती म्हणाली. “तवर मी शिव्या देत खाईन.”

त्यांनी मला साक्षीच्या हातात ठेवलं. पण सोडायला वेळ लावला.

ते दोघं आटपाडीला गेले. पुढची तपासणी कशी निघाली, राहीबाई काय जेवते, मला कळायला मार्ग नाही.

मी आता साक्षीच्या ओट्यावर, बरणीला टेकून उभा आहे. तिनं मला अजून उघडलेलं नाही. माझं डाग पडलेलं, उसवलेलं अंग बघून तिला वाटत असेल, हे जुनं काय सांगणार! पलीकडच्या खोलीतून वडिलांचं ताट आत्ताच परत आलंय, भरलेलं. ती ते हातात घेऊन उभी आहे. मी तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर आहे. माझं काही ऐकू येत असेल तर बाई, ते ताट खाली ठेव. कुठलंही पान काढ. आधी वाच, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाच.