सेमी की मराठी?

तेजस्विनी मूळची पुण्याजवळच्या मांजरी गावची. अर्थशास्त्र शिकली आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत लागली. गेली काही वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे होती. मराठी शाळेतल्या मुलांना पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवलं, म्हणजे लोक ज्याला 'सेमी' म्हणतात ते केलं, तर त्यांना जास्त येतं की कमी? जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत ती फिरली. सेमीच्या आणि मराठी तुकडीच्या मुलांना तिनं एकच चाचणी दिली, प्रश्न दोन्ही भाषांत छापून.

मे महिन्यात उत्तर हाती आलं. सरासरीत काहीच फरक नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं. पण तिनं एकेका मुलाचे गुण चौथीतल्या गुणांशी ताडून पाहिले, आणि गोंधळली. सेमीत गेलेली बरीच मुलं चांगलीच पुढे गेली होती आणि जवळजवळ तितकीच पार मागे पडली होती. दोन्ही मिळून शून्य. कुठलं मूल पुढे जाईल आणि कुठलं मागे, हे मात्र कशावरूनच ठरेना. आईचं शिक्षण, शिकवणी, शिक्षकांचा अनुभव, सगळं लावून झालं होतं.

"सर, हे शून्य फसवं आहे," ती संस्थेचे प्रमुख श्रीनिवास सरांना म्हणाली.

"शून्य हाही निष्कर्षच असतो. फक्त त्याला कोणी हार घालत नाही," सर चष्मा पुसत म्हणाले. "शिक्षण खात्याला एक वाक्य हवंय. सेमी वाढवावं की नाही. बुधवारपर्यंत दे."

रविवारी ती मांजरीला माहेरी जेवायला गेली. धाकट्या भावाचं, इंद्रजीतचं, तिथे हार्डवेअरचं दुकान आहे. त्याची मुलगी ऋतिका जूनमध्ये पाचवीत जाणार होती. ताटं उचलायच्या आत त्यानं विषय काढला.

"ताई, शाळेत विचारत्यात, सेमी घेताय का मराठी. तुझा अभ्यासच त्यावर हाय. सांग."

"सरासरी बघितली तर काही फरक पडत नाही."

"सरासरी गेली खड्ड्यात. आपल्या ऋतिकाचं सांग."

तेजस्विनीनं पुतणीला जवळ बसवलं. सुट्टीत ऋतिकाला इंग्रजीतून गणित शिकवणाऱ्या शिकवणीला घातलं होतं. "ऋतू, एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश?"

"एक चतुर्थांश," ऋतिका म्हणाली. "चार मोठे ना."

"बरं. वन बाय फोर मोठा की वन बाय थ्री?"

"वन बाय थ्री, आत्या. थ्रीमध्ये पीसेस मोठे होतात."

इंद्रजीतनं मांडीवर थाप मारली. "झालं! सेमी."

"थांब जरा." तेजस्विनीनं बोटानं सतरंजीवर एक आयत काढला. "याचा एरिया कसा काढशील?"

ऋतिकानं चारही बाजूंची बेरीज, म्हणजे परिमिती, सांगितली. तोच प्रश्न 'क्षेत्रफळ' म्हणून विचारल्यावर तिनं लांबी गुणिले रुंदी असं पटकन सांगितलं, आणि असलं सोपं काय विचारता, अशा नजरेनं आत्याकडे पाहिलं.

मग इंद्रजीतची बायको शेफाली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ताई, मराठीत आहे तोवर मी तिचा अभ्यास घेते. सेमी झालं की मला घेता येणार नाही. ते चालेल का?"

"मला माहीत नाही, शेफाली."

"मग एवढी वर्षं काय शोधलंस?" इंद्रजीत चिडला. त्याच्या चिडण्यात थट्टा नव्हती. बहिणीवर विसंबून राहिलेल्या माणसाची ती निराशा होती, आणि तेजस्विनीला ती लागली.

बसमध्ये ती शेफालीचाच विचार करत होती. घरी अभ्यास घेणारी आई! ज्यांची आई शिकवते ती मुलं सेमीत मागे पडत असतील का? सोमवारी तिनं पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीतून ती माहिती काढून गुणांशी लावली. आलेख असा सरळ उतरत गेला की तिला खुर्चीत बसवेना. अखेर सापडलं! मग तिनं पाहणीच्या पहिल्या वर्षी चाचणी दिलेली मुलं आणि दुसऱ्या वर्षीची मुलं वेगळी केली. पहिल्या वर्षी आई शिकवत असलेली मुलं मागे पडली होती, दुसऱ्या वर्षी तशीच मुलं पुढे गेली होती. तिनं आकडे पुन्हा तपासले. चूक कुठेच नव्हती. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. गोंधळ होताच, आता थोडा रागही आला होता.

बुधवारी तिनं सरांना वाक्य दिलं: 'सेमीमुळे काही मुलांचा फायदा होतो, काहींचं नुकसान होतं, कोणाचं काय होईल हे आम्हाला अजून सांगता येत नाही, म्हणून पालकांना वर्षाच्या मध्यात तुकडी बदलण्याची मुभा असावी.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे वाचून खात्यातले लोक आपल्याला चहासुद्धा विचारणार नाहीत."

"पण खोटं नाही ना सर?"

"तेच तर." त्यांनी सही केली.

ऋतिका शेवटी सेमीत गेली. तिची मैत्रीण सलोनी सेमीत चालली होती आणि ऋतिकानं दोन दिवस जेवणावर बहिष्कार टाकला, एवढंच कारण. खात्याकडून काही उत्तर आलं नाही. एका अधिकाऱ्यानं भाषणात 'सेमी निरुपयोगी ठरलं' म्हणून संस्थेचा दाखला दिला, आणि दुसऱ्यानं त्याच अहवालावरून सेमी वाढवायला सांगितलं.

दिवाळीत तेजस्विनी मांजरीला गेली तेव्हा सहामाहीचे गुण आले होते. विज्ञानात ऋतिका वर गेली होती, गणितात खाली.

"आता हे सेमीमुळं का?" इंद्रजीतनं विचारलं. या वेळी आवाजात राग नव्हता.

"ती मराठीत राहिली असती तर काय झालं असतं, हे आपल्याला दिसत नाही रे. तेच तर कळायला हवं होतं."

त्यानं गुणपत्रिका घडी घालून ठेवली. "म्हंजे तुलाबी कळत न्हाई, आमालाबी न्हाई."

"नाही."

आत शेफाली गणिताचं इंग्रजी पुस्तक उघडून बसली होती. एकेक शब्द मोबाइलवर शोधून ती ऋतिकाला विचारत होती, आणि ऋतिका तिचे उच्चार सुधारत होती. दोघींचंही बऱ्याचदा चुकत होतं. तेजस्विनी चपला काढून आत गेली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"पेरिमीटर म्हणजे काय गं?" शेफालीनं विचारलं.

ऋतिकानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं 'तूच सांग' अशी मान हलवली, तिला ऐकायचं होतं.