उजव्या पावलावरची गाठ

मुंगीच्या उजव्या पावलावर, बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे, बदामाएवढी गाठ होती. लेकीला आंघोळ घालताना आईच्याच हाताला लागली. ताडून बघायला दुसरं पाऊल मोकळं नव्हतं. मोडलेला डावा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये. सर्जन म्हणाले, "काढून तपासायला पाठवू." त्या 'तपासायला'नेच आईची झोप उडाली होती. आज अकराला ऑपरेशन. त्याआधी प्लास्टर काढायचं, म्हणजे एका खेपेत दोन कामं.

प्लास्टर कापणाऱ्या काकांची करवत घरघरली, तशी मुंगी आईला बिलगली.

"ही कातडी कापत नाही गं. नाहीतर माझी बोटं उरली असती का?"

मुंगीने ती मोजून घेतली.

कवच उघडलं. डावं पाऊल बारीक, सुरकुतलेलं आणि सपाट. गाठ नाही. दोन्हीकडे असेल, म्हणजे घाबरायचं नाही, या आशेवर आईने आठवडा काढला होता.

"या उजव्या पायावर पेनाची खूण कशाला?" काकांनी विचारलं.

"गाठ आहे. आज काढणार."

काकांनी तिथे अंगठा टेकवला. "पोरी, पायाची बोटं वर उचल. ताई, हात लावा."

आईच्या बोटाखाली गाठ टणक झाली. मुंगीने बोटं सोडली, तशी मऊ पडली.

"गाठ कशाला हुकूम पाळेल? स्नायू आहे हा, बोटं वर ओढणारा. सगळ्यांनाच असतो."

"मग डाव्यावर का नाही?"

"सहा आठवडे लोळत पडलाय. वाळणारच."

मुंगीने डावी बोटं उचलली. त्वचेखाली वाटाण्याएवढं काहीतरी हललं.

"काका, तुम्हीच सांगा ना डॉक्टरांना."

"मी प्लास्टर कापणारा, ताई. माझं ऐकून घेतील आणि सोडून देतील. तुम्ही त्यांचा हात तिथे ठेवा."

अकराला दहा मिनिटं कमी होती. लेकीला कडेवर घेऊन आई ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचली.

"उशीर झालाय, आत घ्या तिला," सर्जन म्हणाले.

"आधी एकदा हात लावून बघा. मुंगे, बोटं वर."

त्यांनी कपाळाला आठ्या घालत बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. मग डाव्या पावलावर.

"सोनोग्राफी केली होती?" त्यांनी नर्सला विचारलं.

"नाही, सर."

स्पिरिटचा बोळा घेऊन त्यांनी ती खूण स्वतःच पुसली. "आज काही कापायचं नाही. आधी सोनोग्राफी. पण स्नायूच दिसतोय."

आई बाकावर बसली. मांडीवर मुंगीची दहाही बोटं अजून ताठ वर होती.

"आई, आता खाली करू?"

"कर गं माझी बाय."