डेगचीतला समुद्र

समुद्राचं मीठ पिशवीत येत नाही, डब्यात येतं. डब्यावर निळ्या लाटा छापलेल्या. खाऊ नये, असं इंग्रजीत लिहिलेलं. गुलजारचाचांनी तरी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं. साधंच खारट.

तापल्या भांड्यात कथील टाकलं की ते आधी मण्यासारखं पळतं. हातातला कापसाचा बोळा आणि खालचा विस्तव, दोन्ही बरोबर असतील तरच ते थांबतं आणि पसरतं.

चाचांची बायको नसीमबानू, तिची डेगची माहेरून आलेली. ईदची बिर्याणी तिच्यातच. नसीमबानू गेली आणि बिर्याणी कुकरमध्ये व्हायला लागली.

एक गोगलगाय काचेवरून खाली पडली. पडली की ती पुन्हा सरळ होते. ही झाली नाही.

पुण्यात समुद्र नाही.

या पाच गोष्टींचं एकमेकींशी काय नातं, हे गुलजारचाचांना मंगळवारपर्यंत सांगता आलं नसतं. मंगळवारी सांगता आलं, आणि सांगावंही लागलं.

टाकी खालिदची, त्यांच्या मुलाची. खालिद एसी दुरुस्त करतो. मांजरी भागातल्या नव्या सोसायटीतलं एक गिऱ्हाईक शहर सोडून निघालं, तेव्हा त्यानं खाऱ्या पाण्याची ही टाकी माशांसकट खालिदच्या गळ्यात घातली. खालिद दिवसभर लोकांच्या भिंतींवर चढलेला, त्यामुळे टाकीचं बघणं आपसूक अब्बांकडे आलं. आठवड्याला थोडं पाणी काढायचं, तेवढंच नवं खारं पाणी कालवून घालायचं. बुधवार पेठेमागच्या गल्लीतली कल्हईची भट्टी बंद झाल्यापासून चाचांच्या हाताला पहिल्यांदाच काम मिळालं होतं. भट्टी एका दिवसात बंद झाली नव्हती. आधी स्टील आलं, मग नॉनस्टिक आलं. शेवटी शेवटी लोक नुसते नवसागराच्या धुराचा वास ओळखून थांबायचे, लहानपणच्या गोष्टी सांगायचे आणि भांडं न देता निघून जायचे.

टाकीत आधी कोळंबी मेली. मग गोगलगायी. मग निळा मासा कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागला, आणि चाचा नमाज पढून येईतो आडवा झाला होता. दर वेळी खालिद बाटलीत पाणी भरून स्वारगेटजवळच्या दुकानात न्यायचा. दुकानदार थेंब टाकून रंग बघायचा आणि सगळं ठीक आहे म्हणायचा. सगळं ठीक आणि मासे मरतायत. होता होता नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एकच मासा उरला.

जेवताना खालिद म्हणाला, हाही गेला तर टाकी देऊन टाकतो कुणाला तरी. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. मग ताटाकडे बघत त्यानं विचारलं, "अब्बा, हात धुऊन घालता ना आत?"

चाचांनी हातातला घास खाली ठेवला. जन्मभर हे हात लोकांच्या भांड्यांत गेले होते. त्यांनी कल्हई केलेल्या भांड्यात आजवर कुणाचं ताक कळकून बिघडलं नव्हतं.

म्हणून मंगळवारी बाटली घेऊन ते स्वतः निघाले. सून नाजिमा सोबत गेली. तिला तिकडे काही काम नव्हतं, पण हल्ली रस्ता ओलांडताना रिक्षा अगदी अंगावर आल्याशिवाय चाचा थांबत नसत.

दुकानदार अनिरुद्धनं आधी नेहमीचं विचारलं. खाणं किती घालता, टाकीजवळ अगरबत्ती लावता का, डासांचा फवारा मारता का. चाचांनी सगळ्याची उत्तरं दिली. मग तो सहज म्हणाला, "मीठ कालवता कशात?"

नाजिमा काही बोलणार तोच चाचा म्हणाले, "डेगचीत. तांब्याची आहे, पण आतून कल्हई. माझ्या हातची. टाकी यायच्या आधीच केली होती. रात्रभर मुरू देतो पाणी."

"म्हणजे बिर्याणीच्या भांड्यात."

"हो."

"मग फक्त मसाला राहिला म्हणायचा."

तो आत जाऊन दुसरीच एक बाटली घेऊन आला. थेंब टाकले. नळीतलं पाणी निळं झालं.

"तांबं," तो म्हणाला. "कोळंबीला, माशांना ते विष. हे तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कोण कशाला तपासेल?"

"तांबं कुठून येईल? वर कल्हई आहे."

"चाचा, कल्हई आमटीसाठी ठीक. हे समुद्राचं पाणी, जहाजं खातं. त्यातून कुठे जरा उघडं राहिलं असेल तर..." तो चाचांच्या तोंडाकडे बघून थांबला. मग टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवायला कोळशाची एक पुडी त्यानं नाजिमाच्या हातात दिली आणि म्हणाला, उरलेला खातोय ना, मग जगेल.

घरी आल्यावर त्यांनी डेगची खिडकीच्या उजेडात धरली. आत सगळं पांढरंशुभ्र दिसत होतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि आतून अंगठा फिरवला. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि बुडाच्या वळणावर अंगठा अडला.

"नाजिमा, इथे रंग कसला आहे?"

ती वाकली. "पांढराच आहे, अब्बा."

"नीट बघ, बेटा."

खाली भंगारवाल्याची हाक येऊन विरून गेली. नाजिमा अजून वाकलेलीच होती.

"तांबडा," ती म्हणाली.

"केवढा?"

"माझ्या तळव्याएवढा."

चाचांनी मान हलवली. त्या बाजूला कथील पोचलंच नव्हतं की खाऱ्या पाण्यानं नंतर खाल्लं, हे आता कळायला मार्ग नव्हता. भट्टीवर बसत होते तेव्हाचे डोळे असते तर कळलं असतं.

संध्याकाळी खालिद आला. बूट काढता काढता त्यानं विचारलं, काय म्हणाला दुकानदार. नाजिमा सांगू लागली, की मीठ, म्हणजे त्या डब्यातलं मीठच म्हणे... आणि अडखळली.

"मिठाचं काही नाही," चाचा म्हणाले. "डेगचीची कल्हई गेली होती. मला दिसली नाही."

कल्हईवाल्याच्या तोंडून हे वाक्य या घरात कधी निघालं नव्हतं. खालिद एक बूट पायात, एक हातात, तसाच बसून राहिला. टाकीतला मासा पंपाच्या फेसातून बाहेर आला, परत आत गेला.

"बादली आहे मोरीत, निळी," शेवटी खालिद म्हणाला. "पण मीठ किती घालायचं, ते तुम्हीच बघा. मला नाही तो अंदाज."

शुक्रवारी चाचांनी बादलीत मीठ कालवलं. प्लॅस्टिकवर काही चमकत नाही, हात फिरवला तरी आवाज येत नाही. विरघळलेलं त्यांनी बोटांनीच ओळखलं. डेगची धुऊन, पुसून, नाजिमानं माळ्यावर पालथी ठेवली.

टाकी घरात आली त्याच दिवशी खालिदनं ती निळी बादली विकत आणली होती. "अब्बांची डेगची असताना बादली कशाला," असं म्हणून नाजिमानं ती मोरीत नेऊन ठेवली होती.