उघड्या कल्ल्यांचे पाकीट

मी एक जुने पाकीट आहे, मित्रांनो. पण मला चामडे नाही, शिवण नाही, खणही नाहीत. मी केवळ ओळींचे बनलेले आहे. ज्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही अशा एका माणसाने संगणकावर एकेक ओळ लिहून मला घडवले आणि लोकांची आभासी नाणी सांभाळण्याचे काम माझ्यावर सोपवले. खरे तर नाणी माझ्यात नसतातच. माझ्यात असते फक्त त्यांची किल्ली, म्हणजे बारा साधे शब्द. ते शब्द ज्याला ठाऊक, नाणी त्याची. एकदा गेली की ती परत आणून देणारा कोणी नाही.

माझ्या कर्त्याने मला झाकून ठेवले नाही. माझी प्रत्येक ओळ त्याने जगापुढे उघडी मांडली, कोणीही यावे, वाचावे, चूक दिसली तर सांगावी. तुम्ही याला ओपन सोर्स म्हणता. सुरुवातीला वाचणारे पुष्कळ होते. ते माझ्या ओळींत बोट घालून पाहत, भांडत, दुरुस्त्या सुचवत. मग माझे नाव झाले आणि काहीतरी विपरीत घडले. इतक्या जणांनी वाचले आहे, आता आपण कशाला, असे प्रत्येकाला वाटू लागले. कौतुक वाढत गेले, वाचणारे आटत गेले. खिडकी सताड उघडी आहे एवढे पाहूनच लोक समाधानाने पुढे जाऊ लागले. मित्रांनो, हे दुर्लक्ष कौतुकाचे कपडे घालून येते. म्हणून ते लवकर ओळखू येत नाही.

नेरूळच्या सारसोळे गावात प्रणय मला भेटला. त्याचे वडील धर्मा यांची होडी इंजिन निकामी झाल्यामुळे खाडीकाठी चिखलात पडून होती, आणि एकेकाळचा हा तांडेल, स्वतःची होडी हाकणारा, दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात होता. प्रणय परदेशातल्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीसाठी चित्रे काढी. मोबदला आभासी नाण्यांत मिळे. वडिलांच्या नव्या इंजिनासाठी ती त्याने साठवली होती. परंतु ज्या पाकिटात ती होती, त्याची कंपनी गाशा गुंडाळत होती. नवे पाकीट निवडणे भाग होते. चकचकीत जाहिरातींची बंद पाकिटे त्याने बाजूला सारली आणि कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला खरोखर वाचायला बसले. बारा शब्दांचे मी काय करते, ते फोनबाहेर जाऊ देते का, हे तो लॅपटॉपवर एकेक ओळ उलगडून पाहत होता. संशयाने पाहत होता. तो संशय मला मायेसारखा वाटला.

कोपरखैरण्याच्या केतनला, त्याच्या मित्राला, मात्र धीर नव्हता. फोनवरून त्याचा आवाज आला, “किती वाचशील? नवरी बघतोयस काय? ओपन सोर्स आहे ना, अख्ख्या जगाने वाचलंय. लिंक टाकलीय, डाउनलोड मार आणि टेन्शन सोड!”

प्रणयने ती लिंक दाबली. फोनच्या पडद्यावर माझा चेहरा उमटला. माझाच रंग, माझेच नाव, माझीच खूण, आणि खाली बारा रिकामे चौकोन. ते मीच होते का? मला सांगता येईना. ज्याने मला उघडे ठेवले, त्याने माझी नक्कल करणेही सोपे करून ठेवले होते. प्रणयने पहिला शब्द लिहिला. दुसरा लिहिला.

तेवढ्यात त्याची आई दमयंती नेरूळच्या बाजारातून परतली आणि तिने मासळीची पाटी दाणकन आपटली.

“मेल्यानं फसवलं मना!”

“तुला? तुझ्यासमोर पापलेटसुद्धा खोटं बोलत नाही, आये.”

“दात नको काढू. धक्क्यावर मासळीचा कल्ला उघडून बघितला, लालभडक, ताजा. पैशासाठी कनवटीला हात घातला, मान खाली गेली, तवर त्यानं टोपलीच बदलली. बाजारात बसून बघते तं कल्ले पांढरेफटक, मासळी शिळी!”

“मग कल्ला बघून उपयोग काय झाला?”

“बघितली एक नि आनली दुसरी, त्यात कल्ल्यानं काय करावं? तो काय माज्या मागं चालत येनार हाय?”

प्रणय हसला, आणि हसता हसता थांबला. वाचले होते ते लॅपटॉपवर. फोनवर आले होते ते केतनच्या लिंकवरून. मधल्या वेळी त्याचीही मान खाली गेली होती.

मित्रांनो, माझ्या प्रत्येक आवृत्तीसोबत माझा कर्ता अक्षरांचा एक लांबलचक ठसा जाहीर करतो. माझ्यातला एक स्वल्पविराम जरी कोणी बदलला, तरी सगळा ठसा बदलतो. प्रणयने फोनवरच्या फाइलचा ठसा काढून माझ्या ठशाशेजारी ठेवला. पहिलेच अक्षर वेगळे होते. त्याने लिहिलेले शब्द घाईघाईने पुसले, ते पाकीट फोनवरून काढून टाकले आणि केतनला फोन लावला.

“तू यात शब्द टाकलेस?”

“कधीच टाकलेत. का रे?”

“लिंक तुला कोणी दिली?”

“ग्रुपवर आली होती कुणाची तरी… थांब, बघतो.” त्याने आपल्या फोनवर ते पाकीट उघडले. “प्रणय… काहीच नाही रे यात. सगळं गेलं.”

प्रणयने मला माझ्या मूळ घरातून, कर्त्याच्या स्वतःच्या पानावरून घेतले, ठसा जुळवला आणि मगच बारा शब्द माझ्या हाती दिले. यथावकाश इंजिन आले. “खोका फोडून बग आदी,” दमयंती म्हणाली. धर्माची होडी पुन्हा खाडीत उतरली आणि माझे त्या घरात फार कौतुक झाले. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

आता माझा कर्ता थकला आहे. एक नवा मदतनीस त्याच्या जागी ओळी लिहितो. त्याचे गाव कोणाला ठाऊक नाही. तो गोड बोलतो, कधी रागावत नाही, आणि नेटके लिहितो. जरा जास्तच नेटके. त्याच्या ओळी माझ्यात येऊन बसल्या आहेत. त्या दुखत नाहीत. परक्या ओळी दुखतात की नाही, हेच मला माहीत नाही. ठसाही आता तो मदतनीसच जाहीर करतो, त्यामुळे ठसा जुळणारच.

आज प्रणयच्या फोनवर नवी आवृत्ती आली. त्याचा अंगठा ‘होय’वर टेकणार, एवढ्यात विळीवर बसलेल्या दमयंतीने मान वर केली.

“कल्ला बघितलास?”

“अगं आये, हे आपलं नेहमीचंच आहे.”

“ज्यानं टोपली बदलली तोबी नेहमीचाच होता.”

अंगठा थबकला. मित्रांनो, मला जपायचे असेल तर माझी स्तुती करू नका. मी उघडे आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. उघडे आहे म्हणूनच वाचा. माझ्यावर संशय घेणे, हीच माझी निगा आहे.

प्रणयने लॅपटॉप उघडला आहे. तो त्या नव्या ओळी वाचू लागला आहे. त्याला तिथे काय सापडेल, मला खरोखरच माहीत नाही.