कंदीलवाल्या मुलाची जागा

आमच्या संग्रहालयात लोक येतात ते बेतलेम बघायला. चौकातला घड्याळाचा मनोरा, वरचा किल्ला, नदीकाठची बिअरची भट्टी हे सगळं एका सकाळीत उरकून धापा टाकत येतात आणि मला विचारतात, "किती वेळ लागतो हो आतमध्ये?" मी म्हणते, तुमच्या डोळ्यांवर आहे. मग त्यांना बुटांवर लोकरी सपाता चढवायला लावते, कारण जमीन जुन्या फळ्यांची आहे. सपाता घातल्या की चांगली मोठी माणसंसुद्धा घसरगुंडी खेळत आत जातात.

बेतलेम म्हणजे येशूच्या जन्माचा लाकडी देखावा. भिंतभर डोंगर, त्यावर घरं, मधोमध गोठा. खालची मोटर सुरू केली की एका वेशीतून माणसं निघतात, गोठ्यासमोरून जातात आणि दुसऱ्या वेशीत शिरतात. तिथून पट्ट्यावरून देखाव्याखालून फिरून परत पहिल्या वेशीत. पाववाला, मेंढपाळ, काखेत हंस धरलेली बाई. आमच्याकडे जो बेतलेम कोरतो त्यानं गावातलीच माणसं कोरायची, अशी रीत आहे. माझे पणजोबा त्यात आहेत, आणि जे नाक मी जन्मभर मिरवलं ते त्यांच्या तोंडावर आहे.

माझी मैत्रीण द्राहोमीरा, आमची द्राहा, दर शनिवारी यायची. तिची मुलगी हेद्विका नऊ वर्षांची असताना तळ्यावरच्या बर्फावर खेळायला गेली आणि परत आली नाही. मार्चचा बर्फ, त्याचा काय भरवसा? द्राहाचा नवरा ओताकार शाळेत सुतारकाम शिकवायचा, बेतलेमची डागडुजीही तोच करायचा. त्या वर्षी त्यानं कोणाशी बोलणंच सोडलं. नाताळात लोकांनी बघितलं, तर पाववाल्याच्या मागून हेद्विका चालत होती. हातात वेणी घातलेला गोड पाव, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला. बायका रडल्या.

पुढे ओताकार गेला, द्राहा म्हातारी झाली, मीही झाले. मी नको म्हटलं तरी ती तिकीट काढायचीच. मग माझ्या खुर्चीत बसून तासभर बघायची.

मी चिडवायचे, "अगं, दर वेळी तीच तर येते. एखाद दिवशी वाट चुकेल असं वाटतं की काय तुला?"

"तिचा नेम नाही," द्राहा म्हणायची. "शाळेतून सरळ घरी कधी आली होती?"

गेल्या वसंतात नवे संचालक आले, श्क्वोर साहेब. वय माझ्या जावयाएवढं, हातात कायम कॉफीचा कागदी पेला. माणूस वाईट नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. बेतलेम मूळ रूपात आणायचं, असं त्यांनी राजधानीतल्या समितीशी ठरवलं. नंतर घुसवलेलं सगळं बाहेर. सायकलवरचा पोस्टमन बाहेर, विजेचा खांब बाहेर. आणि हेद्विका?

द्राहाला त्यांनी स्वतः बोलावून समजावलं. मी शेजारी उभी होते, कोणी बोलावलं नव्हतं तरी. त्यांनी एक जुना फोटो पुढे सरकवला. पाववाल्याच्या मागे कंदील धरलेला एक मुलगा.

"हा मातौश विणकराचा मुलगा, द्राहोमीराबाई. पहिलं बेतलेम मातौशनंच कोरलं. मुलगा घटसर्पानं गेला, मग बापानं त्याला इथे उभा केला. ही मूर्ती आता कुठे आहे कोणालाच माहीत नाही. सापडली तर तीच बसेल. नाही सापडली तर तुमची मुलगी राहील. रिकामी जागा समितीलाही नकोच आहे. मी तसा शब्द घेतलाय."

माझा जीव भांड्यात पडला. शंभर वर्षांपूर्वीचं वीतभर लाकूड, कोणाच्या तरी चुलीत कधीच गेलं असणार. द्राहा मात्र फोटोवरून नजर काढेना.

"ह्याची आई होती का मागे?" तिनं विचारलं.

"होती. खूप वर्षं जगली म्हणतात."

"यायची का ह्याला बघायला?"

"ते कसं कळणार हो आता?" साहेब म्हणाले.

त्या शनिवारी ती आली नाही. मंगळवारी आली, तीही तिकिटाच्या खिडकीशी न थांबता. पिशवीतून तिनं भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. कंदीलवाला मुलगा. रंग उडालेला, कान मोठे.

"हा कुठे मिळाला तुला?"

"घरीच होता. ओताकारच्या हत्यारांच्या पेटीत. मला वाटायचं, हेद्विकाला करायच्या आधी त्यानं हात बसवून बघितला असेल. पेटी झाडताना दर वर्षी हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे."

मी दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. "अगं बाई, मग ह्या वर्षीही ठेव. मी काही बघितलेलं नाही. मला मोतीबिंदू आहे."

"पट्ट्यावर एकही जागा मोकळी नव्हती, क्वेता. ओताकारनं ह्याला उपटलं आणि तिथे तिला उभं केलं. आपण सगळे तिलाच बघत राहिलो, हा गेलेला कोणाला दिसलाच नाही."

"तो शुद्धीवर नव्हता गं तेव्हा."

"नव्हता. पण मी आहे ना."

"ह्याची आई मेली, बाप मेला, सगळी आळी मेली. कोण येणार आहे ह्याला बघायला?"

"कोणी नाही," द्राहा म्हणाली. "म्हणून तर. माझ्या पोरीला मी तरी आहे."

मला तिचा इतका राग आला की मी खाली जाऊन शाळेच्या सहलीतल्या पोरांवर उगीच ओरडले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण स्वतःचं जळत असताना दुसऱ्याचं विझवायला पाणी घेऊन जाणारी बाई मी पहिल्यांदा बघितली, आणि ती नेमकी माझी मैत्रीण असावी याचं मला बरं वाटलं नाही. अजून वाटत नाही.

साहेबांनी हेद्विकाला कापूस घातलेल्या सुंदर खोक्यात घालून द्राहाच्या हातात दिलं. त्या वेळी हातातला कॉफीचा पेला त्यांनी खाली ठेवला होता, तेवढं श्रेय मी त्यांना देते. पाववाल्याच्या मागून आता तो मोठ्या कानांचा मुलगा येतो. लोक फोटो काढतात. शनिवारी माझी खुर्ची मलाच बसायला मिळते.

नाताळाच्या आधी एका दुपारी मी द्राहाकडे गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात गोड पावाची कणीक मळून झाकून ठेवलेली, आणि ती टेबलाशी वाकून उभी. हेद्विकाच्या पायाखालची खुंटी बोटांत धरून ती तिला चालवत होती. पिठाच्या डब्यापासून निघायची, टेबलाच्या कडेकडेनं, अगदी हळू, खिडकीपर्यंत. तिथे टेबल संपलं आणि हात थांबला.

मी आल्याचं तिला कळलं होतं. वळून न बघताच तिनं विचारलं, "आता पुढे कुठे नेऊ गं हिला?"

मला रडू आवरेना. तसंच नाक पुसत मी समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "दे इकडे." हेद्विकाला हातात घेतलं, टेबलाखालून नेलं आणि पिठाच्या डब्याशी पुन्हा वर दिलं. द्राहानं तिला धरलं आणि चालवायला लागली. दिवे लागेपर्यंत आम्ही दोघी तेच करत बसलो. कणीक फुगून भांड्याबाहेर आली, तरी कोणी उठलं नाही.