कानशिलांवरच्या दोन पांढऱ्या बटा

मी एक टोप बोलतोय. दचकू नका. ज्याला स्वतःचं डोकं नाही त्यानं बोलू नये असा नियम असता, तर पुष्कळांना गप्प बसावं लागलं असतं.

आमच्या धंद्यात मला ‘आईचा टोप’ म्हणतात. काळेभोर केस, मागे सैलसर अंबाडा आणि दोन्ही कानशिलांवर एकेक पांढरी बट. सिनेमातली आई डोळ्यांसमोर आणा बरं. आली? तिच्या डोक्यावर बसलेला तो मी, नाहीतर माझा एखादा भाऊबंद.

‘माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत,’ असं माणसं एकमेकांना ठणकावून सांगतात. माझे ब्रशनं झालेत, आणि तेसुद्धा एका दुपारीत. मी जन्मलो तोच प्रौढ. बालपण म्हणून जे काही असतं, ते आपल्याला ठाऊक नाही.

माझ्यातले केस कुणा एकीचे नाहीत. कितीतरी बायकांनी कापून दिलेले केस एका कारागिराकडे आले. ते धुऊन, विंचरून तो बारीक जाळीवर बसवायचा. आकड्याच्या सुईनं एकेक केस ओवायचा, गाठ मारायचा आणि मान दुखली की बायकोवर खेकसायचा. बायको समोरच बसून तेच काम करायची. तिची मान दुखल्याचं मी कधी ऐकलं नाही.

एक दिवस सिनेमावाल्यांचा माणूस आला. म्हणाला, “आईचा टोप हवाय.”

“आई किती वर्षांची?” कारागिरानं विचारलं.

“किती वर्षांची म्हणजे? आई आहे हो, आई!”

“बरं, मुलगा केवढा?”

“हिरो आहे,” तो माणूस म्हणाला. एवढ्यात सगळं आलं, अशा थाटात.

कारागिरानं ब्रश घेतला आणि माझ्या दोन बटा पांढऱ्या करून टाकल्या. बायको हसायला लागली. “माझे आधी भांगात पिकले, मग जिथे मनाला येईल तिथे. तुमच्या आईचे बरे असे आखून घेतल्यासारखे पिकतात!”

तेव्हापासून मला एक खोड लागली. दिसेल त्या बाईच्या केसांकडे मी निरखून बघतो. माझ्यासारखे पिकलेले केस मला आजवर एकीच्याही डोक्यावर दिसलेले नाहीत. मग हा नमुना आणला कुठून, हे एक कोडंच आहे.

मेकअपच्या खोलीत मला लाकडी डोक्यावर बसवलं. शेजारच्या लाकडी डोक्यावर हिरोचा टोप होता. वयानं माझ्याहून मोठा, पण काळा कुळकुळीत. दरवर्षी हिरोचं वय वाढायचं आणि त्या टोपाचे केस दाट व्हायचे. त्याला कुणी कधी पांढरा ठिपकासुद्धा लावला नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

माझी पहिली आई तिशी नुकती ओलांडलेली होती. आमच्या केस करणाऱ्या बाई, त्यांच्या तोंडात सदानकदा पिना असतात म्हणून सगळे त्यांना पिनाताई म्हणतात, त्या मला तिच्या डोक्यावर बसवत होत्या. ती आरशात बघून म्हणाली, “पिनाताई, मागच्या पिक्चरमध्ये हा हिरो माझा नवरा होता. आता मुलगा. पुढच्या वर्षी नातू होईल बघा.” पिनाताई हसल्या आणि सगळ्या पिना मांडीत सांडल्या.

टोपाला एक सोय असते. कॅमेऱ्याला नुसता चेहरा दिसतो, मला डोक्याची ऊब कळते. माझ्याखाली एकेक डोकी काय नमुनेदार होती! एकीची वकिलीची परीक्षा होती. ती संवादाच्या कागदाखाली पुस्तक लपवायची. दुसरी बुद्धिबळातले डाव मनातल्या मनात खेळायची आणि हरली की माझी जाळी तापायची. पण एकदा ‘ॲक्शन’ म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी तेच. “आलास बाळा? जेवलास का?”

या बायका स्वतः जेवतात कधी, मला भारी कुतूहल. सिनेमातल्या आईला मी जेवताना पाहिलेलंच नाही. ती वाढते, खिडकीत उभी राहून वाट बघते, फोटोपुढे रडते आणि मध्यंतरानंतर आजारी पडते. इस्पितळात नळ्या लावल्या तरी माझा अंबाडा काही सुटत नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग ती आली.

तरुणपणी तिनं दोनचार सिनेमांत हिरॉइनच्या मैत्रिणीची कामं केली होती. मग मुलगी झाली, कामं थांबली आणि पुढची सगळी वर्षं तिनं एका तलावावर पोहायला शिकवण्यात घालवली. खांदे रुंद, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत जाणारा. केस मानेपर्यंत कापलेले. कपाळावर शुभ्र, मधे राखाडी, पाण्यातल्या औषधानं जरासे पिवळट झालेले आणि मागे एक पट्टा हट्टानं काळाच राहिलेला. मी तर बघतच राहिलो. इतके मजेशीर केस मी जन्मात पाहिले नव्हते.

दिग्दर्शकानंही पाहिले. “मस्त आहेत केस,” तो म्हणाला. “पण खरे वाटत नाहीत.”

“खरेच आहेत.”

“ते कळलं हो. पण आईसारखे नाहीत.”

“मी आईच आहे.”

“पिक्चरमधल्या आईसारखे नाहीत, असं म्हणतोय मी. पिनाताई, तो आपला टोप काढा.”

झालं. खऱ्या पिकलेल्या केसांवर मी, खोटा पिकलेला, जाऊन बसलो. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून सगळा सेट तिला ‘आई’ म्हणायला लागला. दिवे लावणारे काका, ज्यांना नातवंडं होती, तेही “आई, जरा डावीकडे सरका” म्हणायचे. ती म्हणायची, “अहो काका, मी तुमच्याहून लहान आहे. आणि पोटची एकच मुलगी आहे मला, तीही परगावी.”

त्या मुलीची गोष्ट तिनं एकदा पिनाताईंना सांगितली. मुलगी लहान असताना सिनेमा बघता बघता म्हणाली होती, “आई, पिक्चरमध्ये तुझ्यासारखी बाई का नसते गं?” आईनं तो प्रश्न जपून ठेवला होता. आता इतक्या वर्षांनी हे काम आलं, तेव्हा तिनं पूर्ण कथा वाचून एका सीनसाठी होकार दिला होता. त्या सीनमध्ये आई मुलाला सांगते की मला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली आहे, मी उद्या निघतेय. अख्ख्या सिनेमात आईला स्वतःला काही हवंय, असा तो एकच सीन.

“तेवढा एक सीन मला माझ्या केसांत करू द्या,” ती दिग्दर्शकाला म्हणाली. “लेकीला दाखवायचंय, की बघ, असते.”

“आणि आधीच्या सीनमध्ये अंबाडा आहे त्याचं काय? लोक म्हणतील, मधेच केस कापले कुणी?”

“मीच कापले म्हणा. नोकरीला चाललेय ना मी!”

दिग्दर्शकानं हात जोडले. विषय संपला.

सीनच्या दिवशी वेगळंच विघ्न आलं. नवा कॅमेरा भलता तीक्ष्ण नजरेचा निघाला. कपाळावरची माझी जाळीची कड पडद्यावर स्पष्ट दिसायला लागली. पडद्यासमोर बसून उंटावरून शेळ्या हाकणारा दिग्दर्शक ओरडला, “टोप टोपासारखा दिसतोय!” मी मनात म्हटलं, दुसऱ्या कशासारखा दिसू?

पिनाताईंनी नेहमीचा उपाय केला. कड झाकायची असेल तर बाईचे स्वतःचे पुढचे थोडे केस बाहेर ओढतात आणि टोपावरून मागे वळवतात. तसे वळवले. पण ते पडले पांढरे.

“फार पांढरं झालं. काळं करा,” हुकूम आला.

पिनाताईंनी रंगाची कांडी घेऊन ते काळे केले.

“आता अगदीच सपाट काळं झालं. आई आहे, जरा पिकलेलं दिसू दे की!”

पिनाताईंनी त्या काळ्यावर पांढरा रंग लावला. मी सांगतो त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. आजूबाजूला एवढी शिकलीसवरलेली माणसं उभी होती, पण हसलं कुणीच नाही. सगळे आपापल्या कामात गढले होते.

ती आरशात बघत होती. “पिनाताई, मुळात इथे काय होतं हो?”

“पांढरं.”

“आणि आता काय आहे?”

“पांढरंच की.” एवढं बोलून पिनाताई एकदम थांबल्या. मग दोघी अशा हसल्या, अशा हसल्या की माझा अंबाडा हलायला लागला.

सेट स्वयंपाकघराचा होता. आवाज येतो म्हणून पंखे बंद आणि वरून दिव्यांची भट्टी. तिनं सुरुवात केली. “मला त्या गावात नोकरी मिळालीये. उद्या सकाळी निघतेय मी.”

“आणि माझं काय?” हिरोनं विचारलं.

तेवढ्यात मला खालून ओल जाणवली. घामानं रंग सुटला होता. काळा ओघळ तिच्या भुवईपर्यंत आला. तिनं हात वर केला असता तर सीन थांबला असता, पुन्हा रंगरंगोटी झाली असती आणि सगळं ठाकठीक झालं असतं. तिचं डोकं माझ्याखाली असं तापलं, की बुद्धिबळवाल्या बाईचंही कधी तसं तापलं नव्हतं. ती विचार करत होती.

तिनं ओट्यावरचा टॉवेल घेतला आणि कपाळ पुसलं. टॉवेल काळा झाला. तिनं त्याच्याकडे बघितलं. मग मुलाशी बोलता बोलता, अगदी सावकाश, माझ्या पिना काढायला लागली. मला उचललं आणि टेबलावर, कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवलं. आपल्या आखूड, चपट झालेल्या केसांतून पाची बोटं फिरवली.

“तुझं काय, ते तू बघ,” ती म्हणाली. “स्वयंपाकघर कुठे जात नाही. हात तुलाही आहेत.”

हिरोला पुढचं वाक्य होतं. तो ते विसरला. तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला, जणू खरोखरच त्याची आई घर सोडून निघाली होती.

आणि मी? आजवर मी इतक्या आयांच्या डोक्यांवर बसलो, पण समोरून त्यांच्याकडे पाहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. त्या टेबलावरून मी पहिल्यांदा पाहिलं. कपाळावर काळे फराटे, वर पांढरे केस आणि डोळ्यांत भीती, आनंद, थोडी गंमत, सगळं एकदम. कुठे रडू नाही. मला ती फार फार आवडली. मग तिनं पाठ फिरवली आणि दारातून निघून गेली.

“कट!”

दिग्दर्शक उठला. तो काही बोलणार, तेवढ्यात हिरोच ओरडला, “हाच टेक ठेवायचा! माझा चेहरा बघितलात का? आयुष्यात असं काम केलं नव्हतं मी!”

हिरोपुढे कोण बोलणार? टेक राहिला. बाहेर पिनाताईंनी तिला मिठी मारली. मला वाटलं, जिंकली बाई.

सिनेमा लागला तेव्हा पिनाताई पहिल्याच दिवशी जाऊन आल्या आणि आल्या त्या धुसफुसत. त्या सीनमध्ये पडदाभर हिरोचा चेहरा होता. त्याचे डोळे, त्याचा उघडा राहिलेला ओठ, त्याच्या गालावरचा थेंब. तिचा नुसता आवाज. टॉवेल नाही, पिना नाहीत, तिचा चेहरा तर नाहीच. अगदी शेवटी दारातून जाणारी तिची पाठ, ती दिसते न दिसते तोच पुढचा सीन.

मी ऐकून सुन्न झालो. तिनं केलेलं खोटं नव्हतं, कॅमेऱ्यानं टिपलेलंही असणार, पण दाखवायचं कुणाला हे ठरवणारे वेगळेच होते. पदार्थ तिनं रांधला आणि पंगतीला हिरो बसला.

आज ती पुन्हा आली. नवा सिनेमा, पुन्हा आईचंच काम. पिनाताई मला विंचरत होत्या, एवढ्यात तिचा फोन वाजला. हाताला क्रीम लागलेलं, म्हणून तिनं तो टेबलावरच ठेवून स्पीकरवर बोलायला सुरुवात केली.

“अगं आई, पाहिला मी!” मुलगी होती.

“काय पाहिलंस? मी होते कुठे त्यात?”

“दारात होतीस की. पाठमोरी. मागचा तो काळा पट्टा दिसला आणि मी उभी राहून ओरडले, ‘ही माझी आई!’ मागच्या लोकांनी ओढून बसवलं मला. आई, पण तुझा चेहरा कसा होता गं तेव्हा? तो का नाही दाखवला?”

तिचे डोळे भरून आले. मग तिनं फोन बंद केला, माझ्यावरचा पिनाताईंचा हात अलगद बाजूला केला आणि म्हणाली, “आज नको. आधी मी आत जाऊन बोलते.” आणि तशीच, आपल्या केसांनिशी, दिग्दर्शकाच्या खोलीकडे गेली.

ते दार अजून बंद आहे. आतून तिचा आवाज येतोय, तलावाच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असा. मधेच तो पडतो, पुन्हा चढतो. मी लाकडी डोक्यावर बसून कान देतोय. पिनाताईंनी पिना तोंडात धरल्यात, पण हात थांबलेत.

वाचकहो, मी कपाटात पडून राहीन, माझ्यावर धूळ बसेल, कसर लागेल, त्याचं मला काही नाही. माझी एकच विनंती आहे. त्या मुलीनं विचारलं ना, चेहरा कसा होता? मी तो पाहिलाय. पण मी टोप, मला कोण विचारतो आणि मी सांगू कुणाला? तुम्ही तिकीट काढता, तुम्हाला विचारता येतं. तेव्हा पुढच्या वेळी पडद्यामागून एखाद्या बाईचा नुसता आवाज आला, तर एकदा तरी मोठ्यानं विचारा, की ती कुठे आहे, तिला दाखवा.