पहिल्या तासाला गैरहजर

मावशीने भिंगरीला ऑफिसात नेलं ते एका अटीवर. आकडे वाचायचे, मत द्यायचं नाही. दहावीची परीक्षा संपली होती आणि घरात दिवसभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. शेवटी आईनेच हात जोडले, "ने बाई हिला कुठेतरी. माझ्या कानांना सुट्टी मिळू दे."

मावशी सांख्यिकी कार्यालयात होती. तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाटांच्या दोन रांगांमध्ये तिचं टेबल. जिल्ह्यातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुली पुढच्या तीस वर्षांत कुठवर शिकतील, याचा अंदाज बांधायचं तिचं काम. तक्ता छापून आला की एकीने मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने मूळ कागदावर खूण करत जायची, अशी तिथली पद्धत. वाचणारी बाई रजेवर होती, म्हणून भिंगरीची वर्णी लागली.

"तीस वर्षांनी मी पंचेचाळीसची! मावशी, म्हणजे आत्ताच्या तुझ्याएवढी म्हातारी ना गं?"

"पुढचा आकडा वाच."

"पण तुम्हाला पुढचं कळतं कसं? पत्रिका बघता?"

मावशी हसली. "नववीतल्या शंभर मुलींतल्या दहावीला किती जातात, दहावीतून अकरावीला किती, ते बघायचं. त्याच पायऱ्या पुढे लावत जायच्या. पहिल्या पायरीला पाय घसरला, की तीस वर्षांनी आम्ही थेट तळमजल्यावर. म्हणून तर वाचून बघतोय."

हा अहवाल चार वाजता शिक्षण खात्याकडे जायचा होता. कुठल्या शाळेत अकरावीचा वर्ग काढायचा, ते त्यावरून ठरणार होतं. निदान तीस मुली येतील असं दिसलं तरच वर्ग. हे ऐकून भिंगरी खुर्चीत ताठ बसली. तिची शाळा दहावीपर्यंतच होती, आणि आईचा निकाल आधीच लागला होता: "अकरावी आपल्या शाळेत निघाली तर शीक. दीड तास बसने जायचं आणि दीड तास यायचं, ते मला चालायचं नाही." बाबा त्यावर मान हलवून मोकळे.

साडेअकराच्या सुमारास तिच्या शाळेची ओळ आली.

"नववी, मुली सत्तेचाळीस. दहावी, मुली..." ती थांबली. "एकोणीस? हे चुकलंय."

"मत द्यायचं नाही, ठरलंय ना?"

"मत नाही गं हे! माझाच वर्ग आहे. एकोणीसच मुली असत्या तर खिडकीजवळच्या जागेसाठी मी वर्षभर भांडले असते का?"

मावशीने मूळ कागद काढला. त्यावरही एकोणीसच. मग तिने नियम सांगितला. वर्षातले तीन दिवस मोजणीचे. त्या तिन्ही दिवशी पहिल्या तासाच्या हजेरीत नाव नसेल, तर त्या मुलीने शाळा सोडली असं धरायचं.

भिंगरीचा पट्टा एकदम बंद पडला. मावशीने चष्म्यावरून पाहिलं. ही पोर गप्प बसली म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे ती जन्मापासून ओळखून होती.

"बोल."

"आईला सांगशील?"

"आधी बोल तर."

मग सगळं बाहेर आलं. नववीपर्यंत शाळा दुपारची, दहावी सकाळच्या पाळीत. घंटा सातची आणि पुलापलीकडून येणारी पहिली बस पोचते सात-वीसला. मुलगे सायकलवर येतात. मुलींना अंधारात पुलावरून सायकल न्यायला घरचे सोडत नाहीत. त्यामुळे भिंगरीसकट पुलापलीकडच्या सगळ्याजणी रोज गेटवर उशिराच्या वहीत नाव लिहून दुसऱ्या तासाला वर्गात. घरी मात्र तिने घंटा साडेसातची सांगून ठेवली होती. रोज उशीर होतो म्हटल्यावर आई म्हणाली असती, मग जातेस कशाला?

"म्हणजे तुमच्या हिशेबात मी शाळा सोडून घरी बसलेय! आणि मी तर तुमच्याच ऑफिसात बसून वाचतेय!"

"तू सांगतेस म्हणून आकडा बदलता येत नाही, राणी. कागद हवा."

भिंगरीने लगेच गेटवरच्या काकांना फोन लावला. काकांनी आवाज ओळखला. "सुट्टीतपण उशीर झाला का गं?"

"काका, यंदाची उशिराची वही आहे?"

"एक? तीन भरल्यात तुम्ही. त्यातली अर्धी तुझ्या सहीने."

मोजणीच्या तीन दिवसांच्या पानांचे फोटो आले. प्रत्येक पानावर चोवीस मुली, रोज त्याच. खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही आणि शिक्का. मावशीने शाळेच्या पटावरची नावांची यादी शेजारी ठेवून एकेका नावावर बोट फिरवलं. भाचीच्या नावापाशी बोट जरा रेंगाळलं, मग पुढे सरकलं. एकोणीस आणि चोवीस, त्रेचाळीस.

दोघी मोठ्या मॅडमकडे गेल्या. मॅडमनी पानं पाहिली, मग भिंगरीला आपादमस्तक पाहिलं.

"ही कोण?"

"आमच्या तक्त्याप्रमाणे शाळा सोडलेली मुलगी," मावशी म्हणाली.

"एका शाळेसाठी चार वाजताचा अहवाल थांबवू?"

मावशी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात भिंगरी बोलूनच गेली. "एका कशी, मॅडम? जिथे जिथे दहावी सकाळची आहे आणि मुली बसने येतात, तिथे हेच होत असणार. तुम्ही तीस वर्षांचा अंदाज सांगताय, पण त्याची पहिलीच पायरी आमच्या बसच्या वीस मिनिटांवर उभी आहे."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "दोन पाळ्यांच्या सगळ्या शाळांकडून गेटवरच्या वह्या मागवा. आज अहवाल जाणार नाही. वरच्यांशी मी बोलते."

त्या संध्याकाळी भिंगरीने घरी पाऊल टाकताच, मावशी काही बोलायच्या आत, आईला स्वतःच सगळं सांगितलं. आईने आधी साडेसातच्या घंटेबद्दल भरपूर सुनावलं. भिंगरी मात्र मागे लागून सांगत राहिली, "त्रेचाळीस, आई! तीसच लागतात!"

बारा दिवसांत एकसष्ट शाळांच्या वह्या आल्या आणि मावशीच्या आलेखातली खाली निघालेली रेघ उचलली गेली. तीस वर्षांनंतरच्या टोकाला तर ती इतकी वर गेली की कागद उभा छापावा लागला. महिन्याभराने शाळेच्या फलकावर लागलं: अकरावी, एक वर्ग, प्रवेश सुरू.

फॉर्म आणायला आई स्वतः गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी फॉर्म पुढे केला तरी ती उठेना.

"अकरावी कुठल्या पाळीत?"

"सकाळच्या. सातची घंटा."

"बस काही माझं ऐकायची नाही, बाई," आई खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "घंटा तुमच्या हातात आहे. साडेसातची करा, तोवर मी बसलेय इथे."

भिंगरी दाराशी उभी होती. तिला मधे काही बोलायची गरजच पडली नाही.